न तुटणारी दांडी

सोमवार, ३
नव्या प्रयोगशाळेतला पहिला दिवस, आणि स्वारी खुशीत! विमानाच्या इंजिनातली पाती पेटत्या वायूत फिरतात. त्यांच्यासाठी इथे नवे मिश्रधातू घडवतात. माझं काम सोपं. पेन्सिलीएवढी दांडी अकराशे अंशांच्या भट्टीत टांगायची, खाली वजन लावायचं, ती किती ताणली जाते आणि कधी तुटते ते रोज लिहायचं. ज्याने टांगली त्यानेच ती तुटेपर्यंत सांभाळायची, हा इथला रिवाज. भट्टीवाले मिस्त्री याला दत्तक घेणं म्हणतात. घाईत मी दांडी उघड्या हाताने टांगली. घामाचा डाग पडतो म्हणून हातमोजे घालतात, हे मी पंधरा वर्षं इतरांना शिकवलंय! कुणाजवळ बोलले नाही. घरी भिंगरीला, माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, सांगितलं की तुला बहीण आणलीय. बाईसाहेब रुसल्या.

शनिवार, ८
शंभर तासांत तुटायला हवी होती. केसभरही ताणली गेली नाही. साहेबांना आभाळ ठेंगणं झालंय. त्यांनी हात मिळवला, पण मला हातात काहीच जाणवलं नाही. दमले असेन.

बुधवार, १२
कोपर भट्टीच्या दाराला टेकलं होतं. कातडी जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं. दुखलं नाही. मिस्त्रींना सगळं सांगितलं, उघड्या हाताचंही. ते म्हणाले, ती तुमच्या जाणिवेवर टिकलीय बाई. तुटली की सगळं परत येईल, साठलेल्या दुखण्यासकट. मी हसले. हसावंसं वाटलं नव्हतं.

शनिवार, १५
सकाळी भिंगरीच्या कपाळाला हात लावला. ताप वाटला नाही. शाळेत धाडली. दुपारी तिला आकडी आली. ताप एकशेपाच. दवाखान्यात नवरा रडत होता. म्हणाला, तुला काळीज आहे की नाही? मी घड्याळ बघत होते.

रविवार, १६
डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस कठीण. पोटची पोर, आणि मी कोरडी ठणठणीत. अशी आई तिच्या उशाशी बसून काय उपयोग? दांडी तोडायलाच हवी.

दुपार
प्रयोगशाळेत कुणी नाही. होती तेवढी वजनं लावली. ढिम्म. दार उघडून उजव्या हाताने धरलीय— ओढतेय— डाव्याने लिहितेय. दुखत नाही.

ताणली.

तुटली—

आधी भिंगरी आठवली. भीती वाटली, खूप. रडू आलं. किती बरं वाट—

आता हाता