टबातली गोधडी

वॉवाटोसा,
सोमवार, १४ ऑक्टोबर

बर्नी,

तू बरी असशीलच. गुडघाही बरा असणार, कारण काल चर्चच्या तळघरात तू ज्या वेगानं तीन टेबलं ओलांडून माझ्यापाशी आलीस, तो दुखऱ्या गुडघ्याच्या बाईचा वेग नव्हता. मी ठीक आहे. इकडे पानगळ सुरू झाली. शेजारी रोज अंगण झाडतो आणि मी झाडत नाही म्हणून माझ्याकडे बघतो.

पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

पाद्रीसाहेबांच्या सेवेला पंचवीस वर्षं झाल्याचं जेवण, चाळीस माणसं, आणि तू एक कागद आणून माझ्या ताटात टाकलास. ताटात, बर्नी. पालेभाजीच्या रश्श्यात. "वाच," म्हणालीस. "मोठ्यानं वाच, प्रोफेसरीणबाई. माझ्या पोरांचं तू काय करतेस ते कळू दे सगळ्यांना." अर्लीन मावशी म्हणाली, "अगं, आधी केक तरी कापू द्या, मग एकमेकींना कापा." लोक हसले. मी घरी येईपर्यंत माझ्या बाहीला भाजीचा वास होता.

तो कागद काय आहे हे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगते. आमच्या संस्थेत जी माणसं स्वयंसेवक म्हणून येतात, त्यांना आम्ही सोबती म्हणतो. बहुतेक गोरी, बहुतेक इकडच्या उपनगरांतली, मनानं चांगली. दर शनिवारी त्यांनी तुमच्या भागातल्या एका काळ्या किंवा मेक्सिकन मुलाला वेळ द्यायचा असतो. त्याआधी त्यांना चार गुरुवार माझ्या वर्गात बसावं लागतं. मी त्यांना एकच गोष्ट शिकवते: दुसऱ्याच्या घरात जे दिसतं त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक नसतो, तो त्या घरालाच विचारायचा. कागदावर नाव आहे 'सांस्कृतिक नम्रता'. तू त्याला 'गोऱ्यांना लाजायला शिकवायचा क्लास' म्हणतेस. म्हण.

तिसऱ्या गुरुवारी मी एक पानभर हकिकत वाटते, नावं बदललेली. सोबत्यानं न विचारता जिथं जिथं काही गृहीत धरलं, तिथं त्यांनी लाल पेन्सिलीनं रेघ मारायची. हकिकत तू वाचलीच आहेस. धुलाईघरात दुसऱ्या पाळीला जाणारी आई, पंधरा वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा. सोबती घरी येते, बाथरूमच्या टबात निळ्या गोधडीवर झोपलेलं पोर बघते. आईनं पोरांची आबाळ चालवली आहे असं ठरवते आणि बालसंरक्षण खात्याला फोन लावते. त्या उन्हाळ्यात त्या गल्लीत गोळ्या सुटत होत्या. जुन्या लोखंडी टबाइतकी सुरक्षित जागा घरात दुसरी नव्हती. हे ती विचारत नाही. दोन्ही मुलं एक्केचाळीस दिवस परक्या घरी राहतात.

तुझ्या नायलाला त्यात तुमचं घर दिसलं. दिसणारच. तिचं नाव या खेपेच्या यादीत पाहून मला किती बरं वाटलं होतं, तुला कल्पना नाही. एके काळी जिला सोबती होती, ती एकवीस वर्षांची होऊन स्वतः सोबती व्हायला आली. निदान तिच्या वर्गापुरता मी तो कागद बदलायला हवा होता. हे मी मान्य करते. बाकी काहीही मान्य करत नाही.

तू म्हणालीस, मी तुझं दुःख विकते. सहा वर्षांत दोनशेवर माणसांनी तो कागद वाचला. त्यातल्या एकानं जरी फोन उचलायच्या आधी एक प्रश्न विचारला असेल, तर तुझं दुःख वाया गेलं नाही. तुला हे कळायला हवं. पण तुला माझं काहीच कळून घ्यायचं नसतं. मी शिकले, हाच माझा पहिला गुन्हा. आईच्या आजारपणात तू शाळा सोडलीस आणि मी मॅडिसनला कॉलेजात गेले, हे तू गेली पंचवीस वर्षं प्रत्येक सणाला न बोलता ताटात वाढतेस. मी तुला शाळा सोडायला सांगितलं नव्हतं.

आणि नायला. वर्गात तिनं हात वर केला आणि विचारलं, "या बाईनं टब पाहिला कधी?" मी म्हटलं, "तो मुद्दा नाही, आपण अभ्यासावर राहू या." कागद घडी करून तिनं पिशवीत टाकला आणि शेवटपर्यंत एक रेघ मारली नाही. तू तिला समजाव. राग माझ्यावर काढ, पण तिला वर्ग सोडू देऊ नकोस. तिच्यासारख्या मुलीच आम्हाला हव्या आहेत.

तो फोन कुणी केला हे सगळ्यांना माहीत आहे. नायलाची सोबती ग्रेचेन, तिला संस्थेनं काढलं, पत्रावर सही माझी होती. तो विषय तिथंच संपला. तू सहा वर्षांनी तो माझ्या ताटात का आणून टाकावास?

माफी मागावीस अशी अपेक्षा आहे. घाई नाही.

तुला आवडो न आवडो, तुझी बहीण,
रोशेल


वॉवाटोसा,
मंगळवार, २२ ऑक्टोबर

बर्नी,

माझं पत्र परत मिळालं. मागच्या बाजूला तू पेन्सिलीनं लिहिलेलंही वाचलं. "सोबत्यांना उंबऱ्याच्या आत यायची परवानगी नाही. ग्रेचेन गाडीतच बसायची, हॉर्न वाजवायची. निळ्या गोधडीचं तुला कुणी सांगितलं?" खाली सही नाही, काही नाही.

चार दिवस मी या प्रश्नाला उत्तरं तयार करते आहे. रोजनिशीत लिहून पाहिली. खात्याच्या अहवालात असेल. नायला बोलली असेल. तू रडताना सांगितलं असशील. प्रत्येक उत्तर लिहून झालं की वर्गातल्यासारखी लाल रेघ मारावीशी वाटे. उंबऱ्याचा नियम मीच केला होता, बर्नी. सोबत्यांनी मुलांच्या घरात डोकावू नये म्हणून मीच तो केला, आणि मीच ती हकिकत लिहिताना सोबतीला घरात नेलं. माझं पाप मी अशा बाईच्या नावावर टाकलं, जिनं तुझा जिनासुद्धा पाहिला नव्हता.

फोन मी केला.

बुधवार होता, दुपारचे अडीच. तुझं केकचं भांडं परत करायला आले होते. तू नुकतीच कामावर गेली होतीस. नायला स्वयंपाकघरात मक्याचे दाणे काढत होती. मी हात धुवायला आत गेले, तर अमारी टबात झोपलेला. खाली आईची निळी गोधडी, घाम आलेला, एक पाय नळाला टेकवलेला. मी बाहेर येऊन म्हटलं, "हा इथं काय करतोय?" नायला म्हणाली, "तो तिथंच झोपतो." मान वरही केली नाही तिनं. मी पुढचा शब्द विचारला नाही. 'का' एवढाच विचारायचा होता. समोरच्या खोलीत भिंतीवर एका शेजारी एक अशी दोन कॅलेंडरं लावलेली मी पाहिली होती. दोन्ही मागच्या वर्षीची. त्यांच्यामागे भिंतीला गोळ्यांची भोकं आहेत हे मला तीन आठवड्यांनी, न्यायाधीशासमोर, तुझ्या तोंडून कळलं.

मी त्या गल्लीत जन्मले. एखादी गोरी बाई यात चुकली असती तर मी तिला समजावलं असतं. पण मी तिथून बाहेर पडून वीस वर्षं झाली होती, आणि माझ्याजवळ शब्द होते. आबाळ, धोका, योग्य वेळी हस्तक्षेप. घरी येऊन चहा केला, तो न पिता फोन लावला. ते नाव विचारतात, पण कुणाला सांगत नाहीत. मला वाटलं, कुणी तरी येईल, तुला दोन खाटा देईल, चार गोष्टी सांगेल. खरंच तेवढंच वाटलं का, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. त्याच्या आदल्या इस्टरला तू म्हणाली होतीस, "स्वतःला पोर नाही म्हणून माझी उसनी घेऊन मला शिकवू नकोस." फोन लावताना ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. किती होतं ते सांगता येत नाही. होतं.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली आणि तू मला फोन केलास. "शेल, माझी पोरं नेली." तुझा असा आवाज मी आईच्या वेळीही ऐकला नव्हता. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, "कुणी केलं असेल हे?" तू म्हणालीस, "ती ग्रेचेनच, दुसरं कोण." मी गप्प राहिले. तू ते हो समजलीस.

पुढचं तुला ठाऊक आहे. अमारी परत आल्यावर बूट काढू देईना, पुन्हा न्यायला येतील म्हणून ते घालूनच झोपायचा. गेल्या थँक्सगिव्हिंगला माझ्याकडे राहिला तेव्हा पाहिलं, अजूनही तसाच झोपतो. मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं आणि बुटांकडे बघत बसले. तरीसुद्धा पुढच्या गुरुवारी वर्गात तो कागद वाटला.

असा कागद मी का लिहिला, हे तू विचारशील. मला वाटतं, कुणी तरी त्या बाईला रोज शिक्षा करावी असं मला वाटत होतं. दोनशे माणसं लाल पेन्सिली घेऊन तिच्या मागे लागायची, मी फळ्यापाशी उभी राहून मान डोलवायची. दर वर्गाच्या शेवटी प्रत्येकानं 'मी न विचारता गृहीत धरलं ती वेळ' सांगायची असते. मी दर वेळी एका मुलाचं नाव चुकीचं उच्चारल्याची गोष्ट सांगते. लोकांना ती आवडते.

काल ग्रेचेनकडे गेले. तिनं दाराची साखळी काढली नाही. फटीतून तिचा एक डोळा आणि पांढरे केस दिसत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "सहा वर्षं मी माझ्या आठवणी तपासते आहे. कुठं चुकून बोलले का. डॉक्टरकडे, केस कापायला गेले तेव्हा. नवरा म्हणायचा, तूच केला असशील आणि विसरली असशील. तो तसंच समजत गेला."

मी म्हटलं, "मला फार वाईट वाटतं."

"तुम्ही ते शिकवता, नाही का," ती म्हणाली. "काढलंत त्या दिवशी मी एकच मागितलं होतं. ती कशी आहे हे मी विचारत होते, एवढं नायलाला सांगा. सांगितलंत?"

मी नाही म्हटलं.

"मग निघा आता. मला दार लावायचं आहे."

मी निघाले. जिन्यावर तिचं दार नीट लागल्याचा आवाज आला.

हे पत्र तुला बुधवारी मिळेल. मी स्वतः येऊन तुझ्या पेटीत टाकणार आहे. वर येणार नाही, हॉर्नही वाजवणार नाही. मागच्या गुरुवारचा चौथा वर्ग मी पुढे ढकलला, तो या गुरुवारी आहे. नायलानं नाव काढलेलं नाही, मी यादी तीनदा पाहिली. त्या दिवशी शेवटी माझी पाळी आली की मी ही गोष्ट सांगणार आहे, खऱ्या नावांनी, टबापासून. त्यानंतर मला संस्थेत ठेवतील असं वाटत नाही. पण नायलाला ते बावीस परक्या माणसांच्या देखत कळू नये. आधी तुला कळावं, आणि तिला सांगायचं की नाही, कसं सांगायचं, हे तू ठरवावंस. तू नको म्हणालीस तर मी वर्गात नावं घेणार नाही. तू म्हणालीस की तिच्यासमोर उभीही राहू नकोस, तर राहणार नाही. या एका बाबतीत मी तुझ्या वतीनं काही गृहीत धरत नाही, आणि हे सहा वर्षं उशिरानं आहे हे मला माहीत आहे.

मागच्या पत्रात मी माफी मागायला सांगितलं होतं. ते वाक्य परत घेण्यासारखं नाही; तुझ्याकडे राहू दे, मी काय आहे ते लक्षात ठेवायला उपयोगी पडेल. माझ्याकडून मी माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि मला तुझ्याकडून आणखी काही घ्यायचं नाही.

एकच विचारते. आईची निळी गोधडी अजून आहे का तुझ्याकडे? नसेल, फेकली असशील, तर तेही बरोबरच आहे. तेव्हा विचारायला हवं होतं, म्हणून आता विचारते.

तो फोन करणारी,
रोशेल