आईच्या हयातीचा दाखला

अण्णा, आज आईला वकिलातीत नेऊन आणलं. तुम्ही गेल्यापासून तिला तुमच्या दोन्ही पेन्शनी मिळतात, एक फौजेची आणि एक कारखान्याची. त्या चालू राहाव्यात म्हणून दर नोव्हेंबरात ती हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. नाशिकला होती तोवर स्वतः बँकेत जाऊन यायची. गेल्या वर्षी बँकेतून परतताना तिला घर सापडेना, तेव्हा मी तिला इथे दोह्याला माझ्याकडे आणलं.

कारखान्याची पेन्शन सुरू झाली तो दिवस मला आठवतो. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलताय, आई ओट्याशी आहे, आणि मी कॉलेजातून येऊन म्हणतेय, "मजा आहे बुवा अण्णांची, दोन दोन पेन्शनी!" तुमचे हात थांबतात. "मजा कसली? एक गुडघ्याची आहे, एक कानांची." गुडघा सरहद्दीवर गेला होता, कान कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या आवाजाने. मला माहीत होतं, तरी मी हसले होते. "उद्या मी नसलो तरी हिला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये," तुम्ही म्हणालात. "शुभ बोला जरा," आई ओट्यापाशीच करवादली. नंतर आठवडाभर तुम्ही तिच्याकडून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सही घोटून घेतलीत.

इथे वर्ल्ड कप तोंडावर आलाय. स्टेडियमभोवतीच्या ड्रेनेजचं माझं काम संपलं, कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंतच आहे. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना इथे पेन्शन नाही. काम संपलं की हातात एकदाच काय ते ठेवतात आणि खलास. पुढे नाशिकला परत जायचं, आईसाठी दिवसभराची बाई ठेवायची, ते सगळं तुमच्या या दोन पेन्शनींवरच होणार आहे. म्हणून आज कागद होणं मला फार गरजेचं होतं.

काउंटरवरचा माणूस भला होता. फॉर्म भरता भरता त्याने हिंदीत विचारलं, "माताजी, आपने दूसरी शादी तो नहीं की ना? लिखना पड़ता है।"

आई चिडली. "हा काय विचारतोय गं?" मला म्हणाली, आणि मग तिच्या हिंदीत त्याला, "मेरे मालक हैं ना। ड्यूटी पे गये हैं। तीन बजे आयेंगे।"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्याने म्हणाले, "आई, अण्णा वारले. सोळा वर्षं झाली."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कधी? आणि मला कुणी कळवलं नाही?"

पदर तोंडाला लावून ती तिथेच खुर्चीत रडायला लागली. रांगेतल्या लोकांनी माना खाली घातल्या. त्या माणसाने पाणी आणून दिलं आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला. रडत रडतच तिने सही केली, दोन्ही कागदांवर, तुम्ही शिकवली तशी, एकही अक्षर न चुकता. त्याने शिक्के मारले.

परतताना निम्मे रस्ते बंद. चौकात पोलीस "यल्ला, यल्ला" करत गाड्या वळवत होता. शेजारी आई हुंदके देतेय आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. अल अझीझियाच्या सिग्नलला तिचे हुंदके थांबले. बाहेर देशोदेशींचे झेंडे लावलेत, ते पाहून म्हणाली, "कुणाचं लग्न आहे गं?"

जेवण झाल्यावर मी ते कागद स्कॅन करत होते, तर ती विचारायला आली. "हे अजून आले नाहीत?"

"ओव्हरटाइम आहे, आई."

"मग पोळ्या झाकून ठेव. गार होतील."

मी झाकून ठेवल्या. आता ती झोपलीय, निवांत, आणि मी हे लिहीत बसलेय. पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहवतंय. काउंटरवरच्या त्या माणसाने मला काही विचारलंच नव्हतं, अण्णा. आईचं ऐकून तो नुसता मान हलवून माझ्याकडे बघत होता, समजल्यासारखा. कागद अडेल या भीतीने मीच बोलले.