एक लाल, दोनदा

३ नोव्हेंबर, सोमवार
आजवर स्वतःच्या हाताने बनवलेला रंग ओळखायचा खेळ : सागवानी पाट, त्यावर दहा रांगा, रांगेत चार भोकं, भोक साडेचार मिलिमीटर. सहा रंगांच्या खुंट्या, एकूण बहात्तर. उत्तरासाठी बारीक काड्या, काळ्या चाळीस, पांढऱ्या चाळीस. लपवलेले रंग झाकायला फळी. असे सहा सेट. शिवाय नियमांचं पुस्तक, पानं सोळा, मजकूर माझाच. कुणाकडे शिकलो नाही.
वर्कशॉपची नोकरी सोडली. मालक म्हणाले, जागा तीस तारखेपर्यंत ठेवतो. उगाच ठेवताहेत.

५ नोव्हेंबर
पहिलं प्रकरण, इतिहास. आधी हा खेळ कागदावर आकड्यांनी खेळत. सत्तरच्या सुमारास इस्रायलच्या टपालखात्यातल्या एका माणसाने आकड्यांच्या जागी रंग आणले. मोठ्या कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. बायको, प्रेमिला, म्हणाली, इतिहास कोणी वाचत नाही. म्हणून तिला वाचून दाखवला. भाजी लागली. दोष माझ्यावर.

७ नोव्हेंबर
नियम सोपे. एकाने चार रंग लपवायचे, दुसऱ्याने दहा खेपांत ओळखायचे. रंग आणि जागा दोन्ही बरोबर, काळी काडी. रंग बरोबर पण जागा चूक, पांढरी. थोडक्यात लिहिलं तर लोक चुकतात, म्हणून पाच पानं घेतली. प्रताप नगरच्या प्रेसमध्ये दोनशे प्रती छापायला टाकल्या. प्रूफ स्वतः तपासलं. बायकोच्या नजरेवरही सोडलं नाही.

१३ नोव्हेंबर
प्रेमिलासोबत पहिला डाव. मी लपवलं : लाल, हिरवा, पिवळा, निळा. तिने लावलं : लाल, लाल, केशरी, केशरी. मी एक काळी दिली, एक पांढरी. दहा खेपांत तिला जमलं नाही. फळी काढली तर पाटावरच्या काड्या बोटाने पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "अहो, लाल तुमी एकच लपवला. मंग त्याले दोनदा काहून मोजून राहिले?"
पान नऊ दाखवलं. लाल जितक्यांदा लावला तितक्या काड्या, असं स्पष्ट छापलं आहे. छापलं म्हणजे विषय संपला.

१४ नोव्हेंबर
कागदावर करून पाहिलं. तिच्या पद्धतीने डाव सहाव्या खेपेला सुटतो. माझ्या पद्धतीने सुटत नाही. म्हणजे माझा खेळ वरच्या दर्जाचा.

२० नोव्हेंबर
मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नववर्षाच्या भेटवस्तू निवडणाऱ्या कामिनी मॅडमना भेटलो. खुंटी बोटांत फिरवून म्हणाल्या, फिनिशिंग फार छान. स्टाफला खेळायला एक सेट ठेवून घेतला.

२६ नोव्हेंबर
मॅडमचा फोन. ऑफिसात दोघांचं भांडण झालं म्हणे, डाव सुटेचना. ऑर्डर पक्की, फक्त पान नऊ दुरुस्त करा. मी विचारलं, शिक्षण काय? इंजिनिअरिंग, म्हणाल्या. तरीच.
घरी येतो तर प्रेमिलाने वहीच्या कागदावर नवीन पान नऊ लिहून ठेवलेलं. चार ओळी. मी वाचलं नाही. तिसरी ओळ जरा लांबली आहे.

२८ नोव्हेंबर
मॅडमना उत्तर कळवलं. प्रेमिलाला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, "मी चुकली असती, तं घेतली असती काय ऑर्डर?"
प्रश्न विचारायची ही पद्धत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार
प्रेमिला दोन दिवस बोलत नाही. ताट वाढते, निघून जाते. सहजच वर्कशॉपच्या मालकांना फोन केला. उद्या सकाळी आठला बोलावलं आहे.
नोंद असावी म्हणून लिहितो. मिहानची ऑर्डर मी नाकारली. दीडशे सेट हवे होते, प्रत्येक पुस्तकात पान नऊवर चार ओळींची चिठ्ठी चिकटवून. एक लाख पासष्ट हजार रुपये.