हिंगणघाटच्या ब्राझीलचे चार मोसम

रवि., ९ नोव्हेंबर १९९७
आज बाबांनी माझ्या हातात झेंडी दिली. आर्वी वि. पुलगाव सामना, बाबा रेफरी. लाईनवरचा माणूस जिनिंगमध्ये डबल पाळीत अडकला आणि मैदानावर नियम येणारं दुसरं कोणी नव्हतं. मला येतात. दम्यामुळे सातवीपर्यंतची शाळा घरीच झाली. बाबा ड्रिल मास्तर, घरात पुस्तकं कमी, म्हणून वाचायला शिकले तीच मुळी फुटबॉलच्या नियमावलीवर. अडखळत वाचलेलं पहिलं लांब वाक्य थ्रो-इनचं होतं.
पूर्ण वेळ कानशिलं गरम. मागून कोणीतरी, "ओ बाई, घरी पोळ्या करपून राह्यल्या."
घरी येताना बाबा म्हणाले, "दोनदा उशिरा उचलली. बाकी ठीक."
कोणत्या दोनदा, ते विचारलं नाही. आता तेच आठवत बसले आहे.

रवि., ८ मार्च १९९८
लीग संपली. आमच्या हिंगणघाटची टीम, ब्राझील, 'ब' गटात तिसरी. माझा धाकटा भाऊ गजू तिच्यात खेळतो, तो अर्धी भाकर टाकून उठला. दोन सामन्यांना तर अकरा जणही जमले नव्हते. बाजारात कापसाच्या बैलबंड्या लागल्या की सगळी टीम जिनिंगमधल्या रेच्यांवर, सरकी काढायला. कापूस चांगला आला की आमची ब्राझील हरते, असं आई म्हणते. हसण्यासारखं आहे पण खरं आहे.
पानठेलेवाले बबनभाऊ मात्र सगळ्यांना सांगत होते, "चार वर्षांमागं या पोरायनं माह्या टीव्हीवर पिवळ्या शर्टवाले कप उचलताना पाह्यले अन् दुसऱ्या दिवशी क्लब काढला. त्यायले बी पह्यल्याच साली थोडीच भेटला कप." शर्ट त्यांनीच शिवून दिलेत. धुतले की रंग उतरतो. माझ्या दोन ओढण्या पिवळ्या झाल्या.

रवि., १७ जानेवारी १९९९
बाबांशी वाद. तोही हळू आवाजात.
सकाळच्या सामन्यात पुढचा खेळाडू शेवटच्या डिफेंडरच्या अगदी बरोबरीत होता. मी झेंडी खाली ठेवली, बाबांनी शिट्टी मारली. घरी आल्यावर म्हणाले, "बरोबरीत असला की ऑफसाइड. जलमभर हेच देत आलो." मी नागपूरहून आलेलं नवं नियमपत्रक पुढे केलं. बरोबरीत असला तर चालतं. नियम बदलून बरीच वर्षं झाली, आपल्याकडे पोचला नव्हता.
दोनदा वाचलं त्यांनी. मग चष्मा काढून म्हणाले, "किती पोरायचे गोल खाल्ले असतील मी."
मला दाखवायला नको होतं. पण न दाखवून कसं चाललं असतं?

रवि., २८ फेब्रुवारी १९९९
ब्राझील दुसरी आली! 'ब' मधून 'अ' गटात. शेवटचा गोल गजूचा, गुडघ्याने. तो सांगतो डोक्याने.
बबनभाऊंनी सगळ्यांना पान खाऊ घातलं, आईसाठीसुद्धा घरी एक पाठवलं. 'अ' गटाचे सामने गिरणीवाले बघायला येतात. आवडलेल्या पोराला गिरणीच्या टीममध्ये घेतात, मग कायमची नोकरी. गजू सहा महिने रेच्यावर, सहा महिने रिकामा. आज झोपायच्या आधी म्हणाला, "ताई, एक दोन साल टिकलो ना 'अ' मधी, त पाह्यजो."

रवि., २१ नोव्हेंबर १९९९
लीगच्या समितीला आज सांगून टाकलं. ब्राझीलच्या सामन्यात मी लाईनवर उभी राहणार नाही, भाऊ खेळतो. अध्यक्ष हसले. म्हणाले, असं मागणारं पहिलंच कोणी भेटलं. गजू चिडवतो, "आमची ताई लय मोठी सायेब."

रवि., १२ मार्च २०००
'अ' गटात आठपैकी सहावी. खालच्या दोन टीम खाली जातात. आम्ही वाचलो.
बाबांनी आज शिट्टी समितीला परत केली. गुडघे. आता फक्त सामन्याआधी मैदानावर चुना मारतील म्हणाले. आई म्हणाली, "वाकून चुना माराले गुडघे हायेत, पळाले नाई."

रवि., ३ डिसेंबर २०००
वाईट सुरुवात. कारंज्याच्या टीमकडून हरलो. गजूचा उजवा घोटा मुरगळला, रात्री हळद लावली. उद्या सकाळी सुजलेल्या पायानेच पाळीवर जाणार म्हणतो. सुटी घेतली तर त्या जागी दुसरा येतो.

रवि., १८ फेब्रुवारी २००१
तक्ता पाहिला. पुलगाव खाली जाणार हे नक्की. दुसरी टीम एक तर आम्ही नाहीतर सिंदी, आणि शेवटचा सामना आमचाच सिंदीशी. सिंदीला बरोबरी पुरते. आम्हाला जिंकावंच लागेल.
गजू लंगडतो. विचारलं की म्हणतो, नाई लंगडून राह्यलो, चालच तशी हाये.

रवि., २५ फेब्रुवारी २००१
नीट लिहून ठेवायला हवं.
पुलगावचा लाईन्समन आलाच नाही, एसटी वाटेत बंद पडली. रेफरी वर्ध्याचे. दोन्ही कॅप्टनची हरकत नसेल तर मैदानावरच्या कोणालाही लाईनवर घेता येतं. मी नाही म्हटलं. सिंदीचा कॅप्टन शंकर, तिथल्या कापूस बाजारात हमाली करतो, तोच म्हणाला, "ताईलेच राहू द्या. आमाले चालते. दुसरा कोन हाये अठी नियमाचा?" तरी नाही म्हटलं. मग रेफरी म्हणाले, सामनाच होणार नाही. तेव्हा उभी राहिले.
शेवटपर्यंत गोल नाही. सिंदीची पोरं चेंडू बाहेर मारत वेळ काढत होती. अगदी अखेरीस आमच्या हाफमधून लांब पास आला, गजू धावला, गोल. मी झेंडी उचलली नाही. सिंदीवाले सगळे माझ्याकडे धावत आले. शंकर नाही आला. तो गोलजवळ खाली बसला होता.
ब्राझील 'अ' गटात. सिंदी खाली.
बरोबरीत होता. बरोबरीतच होता.

सोम., २६ फेब्रुवारी
गावात नाव पडलं: ताईचा गोल. किराणा दुकानदार म्हणाला, "भाऊ असावा त असा, अन् बहीन असावी त अशी." तराजूतून साखर सांडेपर्यंत हसला.
ते मी सहन केलं असतं. संध्याकाळी गजू पाळीवरून आला तो माझ्यासाठी कलाकंद घेऊन. गिरणीवाल्यांनी त्याचं नाव विचारलं म्हणे. खाली बघत म्हणाला, "ताई, तुनं झेंडी खाली ठेवली म्हनून वाचलो. जलमभर नाई इसरनार."
मी म्हटलं, मी तुझ्यासाठी नाही ठेवली.
"हो ना. कोनाले नाई सांगत मी."
कलाकंदाचा पुडा मी आईच्या हातात दिला. त्याला खरंच असं वाटतं. आणि तो खूश आहे.

बुध., २८ फेब्रुवारी
सिंदीने तक्रार दिली, गजू पुढे होता म्हणून. रविवारी बैठक.
सकाळी जिनिंगच्या फाटकासमोर उभी राहून येणाऱ्या सायकली बघत होते. दोन सायकली जवळजवळ असल्या तर पुढे कोणती, ते अगदी बाजूने, रेषेत उभं राहिलं तर कळतं, जरा मागून बघितलं तर कळत नाही. चौकीदाराने विचारलं, "काऊन व पोरी, कोनाची वाट पाहून राह्यली?" निघून आले.
बाबा अंगणात चुन्याची फक्की चाळत होते. मी म्हटलं, बाबा, तो बरोबरीत होता.
त्यांनी तो कुठे होता हे विचारलंच नाही. विचारलं, "तू कोठी उभी होती?"
आणि मला आठवलं. पास सुटला तेव्हा शेवटच्या डिफेंडरच्या रेषेत असायला हवं होतं. मी दोन पावलं मागे होते. डिफेंडरकडे बघतच नव्हते. गजूचा घोटा बघत होते, टेकतो की नाही ते.
तसंच सांगितलं. चाळणी थांबली.
"मंग तुले मालूमच नाई, पोरी."
इतकंच. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

शनि., ३ मार्च
पुढे होता असं म्हणता येत नाही. नव्हता असंही नाही. शंका असली तर झेंडी खाली ठेवायची, हा नियमच आहे. पण ती शंका बघून आलेली असते. मी बघितलंच नव्हतं.
गप्प राहिले तरी नियमाच्या बाहेर काहीच होत नाही. बोलले तर गजूची गिरणी जाऊ शकते. आई म्हणाली, "तुले कोनी इचारलं काय? नाई ना? मंग?" बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "मी सांगनार नाई. मी बाप हाव दोघायचा."

रवि., ४ मार्च
बैठक. अध्यक्ष तक्रार फेटाळायलाच निघाले होते, लाईन्समनचा निर्णय अखेरचा म्हणून. मला कोणी विचारलं नाही. मी उभी राहिले.
म्हटलं, त्या वेळी मी रेषेत नव्हते. माझ्या भावाच्या पायाकडे बघत होते. तो पुढे होता असं मी म्हणत नाही. तो पुढे नव्हता असंही मला म्हणता येत नाही.
अध्यक्ष म्हणाले, "बाई, हे त्याच दिवशी काऊन नाई सांगितलं?"
"त्या दिवशी वाटत होतं की मी पाहिलं."
बाहेर बबनभाऊ उभे होते. मला वाटलं ओरडतील. नुसते म्हणाले, "पोरायले काय सांगू आता मी?"
सामना पुन्हा खेळायचा ठरला. येत्या रविवारी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी.

मंगळ., ६ मार्च
गजू बोलत नाही. ताट मी वाढलं की आईला म्हणतो, भाकर दे. कालपासून पाळीवरून थेट मैदानावर जातो.
आज एकच वाक्य, तेही दाराकडे तोंड करून: "लोकायच्या बहिनी भावासाठी खोटं बोलतेत. तुले खरं बी चूप बसून ठेवता नाई आलं."
खरं काय ते मला माहीतच नाही, हे त्याला कसं समजावू? तो पुढे नव्हता अशी त्याची खात्री आहे. त्याच्या जागेवरून तरी त्याला दिसलं असेल का?

शनि., १० मार्च
धुळवड. कोणी आमच्या दारात रंग टाकायला आलं नाही, फक्त शेजारच्या काकूंनी आईच्या कपाळाला लावला.
दुपारी सायकल वाजली. शंकर. सिंदीहून आला होता, केसांत गुलाबी रंग, रस्त्याची धूळ त्यावर. आईने पाणी दिलं, तो उभ्याउभ्याच प्यायला.
"उद्याले लाईनवर पुलगाववाला येऊन राह्यला," तो म्हणाला, "पन आमच्या पोरायनं सांगतलं का ताईच पाह्यजे. मी समितीले बोलून आलो. ते म्हनते, दोन्ही कॅप्टनची हरकत नसन त चालते."
मी म्हटलं, गजू खेळणार आहे.
"मालूम हाये."
"मग तुम्हाला भीती नाही वाटत?"
"वाटते ना. हरलो त खालीच जातो आमी." रिकामा पेला त्याने नीट पालथा ठेवला. "पन तुमी देल्लं त मी मानन. पोरायले बी मानाले लावन."
मी जमणार नाही म्हणून सांगितलं. उद्या सकाळपर्यंत विचार करा म्हणाला. आतल्या खोलीत गजू पायाला पट्टी बांधत होता. सगळं ऐकलं असणार.

रवि., ११ मार्च २००१
सकाळचे आठ. बाबा चुना मारायला मैदानावर गेलेत, आज पोत्याला हात लावू दिला नाही मला.
गजू उठला तो सरळ माझ्या समोर येऊन बसला. आठवड्याने. डोळे लाल, धुळवडीचे की झोप नसल्याचे, कळलं नाही.
"शंकर्याले हो म्हन."
मी चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.
"आमच्या कॅप्टनले मी रातीच सांगून आलो, हरकत घेऊ नको म्हनून. तू उभी राह्य. ऑफसाइड असन त उचलजो. नसन त नको उचलू." मग बराच वेळ पट्टीचं टोक चाचपत बसला. "पन माह्याकडे पाहू नको ताई. त्या डिफेंडरकडं पाह्य."
पाहणार नाही, म्हटलं.
"काई बी झालं तरी?"
"काहीही झालं तरी."
हो म्हणून निरोप पाठवला आहे. पट्टी बांधून तो आता अंगणात हळूहळू धावून बघतो आहे. मी आतच बसले आहे. पायाचा आवाज मात्र ऐकू येतो, एक पाऊल जड, एक हलकं. चारला सामना आहे, आणि तो पडला तर मान तिकडे वळू न देण्यासाठी काय करायचं असतं, हे बाबांना विचारायचं राहिलं.