कॅमेऱ्याला कान नसतात

३ ऑगस्ट १९९७, रविवार

ही डायरी योगराजला त्याच्या शेठने दिली. माझा लेक दिवसभर लूमवर धागे जोडतो, तो कसली डायरी लिहिणार? मी दुसरी पास. मीच लिहीन. आजपासून दोन नियम. मिसरी बंद. दुसऱ्याच्या मधे बोलणं बंद.

नातीच्या शाळेत नवीन खूळ निघालंय. रंजना नववीत. तिच्या सायन्सच्या मालतीबाई म्हणाल्या, पुस्तक पुरे, व्हिडिओ काढा. गल्लीतल्या भगवान शूटिंगवाल्याचा कॅमेरा चातुर्मासात पडूनच असतो. लग्नं कुठेत? प्रयोग पोरांनी करायचा, बोलायचंही पोरांनीच. विषय काय, तर वस्तू जळो नाहीतर फेसाळो, एकूण वजन तेवढंच राहतं. मी म्हटलं, चुलीत भारा घातला तर राख निघते ओंजळभर, बाकीचं काय तुझ्या बाईंनी नेलं? म्हणाली, धूर झाला आजी, धुरालाही वजन असतं.

धुराला! मग जन्मभर चुलीपुढे बसून माझी मान मोडली असती.

(मधे बोलले. पण ते शिकवणं होतं.)

५ ऑगस्ट, मंगळवार

योगराज म्हणतो, नववी पुरे. पुढच्या वर्षी रंजनाला घरी साड्यांना लेस लावायला बसव, सुषमाला हातभार होईल. सुषमा आमची सून. नवऱ्यापुढे तोंडात गुळणी धरून बसते. मग मालतीबाईंचा निरोप आला, पंधरा ऑगस्टला झेंड्यानंतर शाळेत व्हिडिओ दाखवणार, बापाने यावं, पाहावं, मग ठरवावं.

मी योगराजला म्हटलं, पोरीचा व्हिडिओ फसला तर मी स्वतः तिच्या हातात सुई देते. हमी माझी. म्हणाला, माय, तुले काय समजस त्यामधलं? म्हटलं, तुला जन्म दिला तेव्हा तरी मला काय समजत होतं? झालास ना?

मिसरी एकदाच. दाढ ठणकत होती.

७ ऑगस्ट, गुरुवार

रंजनाने भिंतीवर खडूने इंग्रजी अक्षरं काढली, मधे बाण. म्हणाली, हे समीकरण. बाणाच्या दोन्हीकडे माल सारखा पाहिजे. कमी पडला तर अक्षराच्या पुढे आकडा लावून हिशेब जुळवायचा, पण बाहेरचं काही आत घुसवायचं नाही. मी म्हटलं, पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतोच ना आपण. म्हणाली, आजी, इथे ती फसवणूक.

फसवणूक! तसल्याच आमटीवर हिचा बाप एवढा ताडमाड झाला.

मला सायन्स कळलं. दोन्ही पारडी सारखी दिसली पाहिजेत, बस.

१० ऑगस्ट, रविवार, दुपार

शूटिंग झालं. माझ्यामुळे झालं.

किसन वाण्याचा तराजू आणला. बाटलीत लिंबाचा रस, फुग्यात पापडखार. पापडखार माझा, बाजारचा नव्हे. फुगा बाटलीच्या तोंडाला दोऱ्याने बांधला. बाटली एका पारड्यात, वजनं दुसऱ्यात, दांडी सरळ. ते भगवानने टिपलं. मग रंजनाने फुगा उचलला, पापडखार खाली, फेस वर, फुगा टम्म. तेवढ्यात भगवानच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. तो घरी दुसरी आणायला गेला, रंजना लिंबाचे हात धुवायला मोरीत.

मी राखणीला. फुगा असा फुगलेला की आता फुटतो आणि पोरीच्या डोळ्यात जातो. म्हणून दोरा जरा सैल केला. नुसती हवा सोडली. हवेला कुठे वजन असतं? फुस्स झालं, थोडा फेसही गेला, तो पदराने पुसला. दोरा परत आवळला. पाहते तर बाटलीचं पारडं वर!

परातीत कणीक मळलेली होती. एक गोळी बाटलीच्या बुडाला चिकटवली. कमी वाटली, आणखी चिमूटभर. दांडी सरळ.

रंजना आली, भगवान आला, कॅमेरा चालू. पोरीने तराजूकडे बोट करून सांगितलं, बघा, वस्तुमान तेवढंच! चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं.

मी कॅमेऱ्याच्या शेजारी स्टुलावर. नियम पाळला, पोरीच्या मधे चकार शब्द नाही. फक्त शेजारच्या उषाबाईला सगळं सांगितलं. कणीक कुठे लावली ते. आणि म्हटलं, पोरीच्यानं काही होणार नाही हो, डोकं बापाचं घेतलंय, मी होते म्हणून निभावलं. उषाबाई म्हणाली, हळू बोला, कॅमेरा चालू आहे. बिचारी. मी म्हटलं, कॅमेऱ्याला डोळा असतो, कान नसतात. पुतण्याच्या लग्नात कॅमेऱ्यापुढे बसून मी व्याह्यांच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले. कॅसेट आली तर नुसती सिनेमाची गाणी.

१३ ऑगस्ट, बुधवार

योगराजने दांडी मारून शाळेत यायचं कबूल केलं. मी इरकली काढून ठेवली. मालतीबाई स्टेजवर बोलावतील. नको नको म्हणेन, मग जाईन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार, संध्याकाळ

बरं नाही. पित्त झालं.

१६ ऑगस्ट, शनिवार

पित्त नव्हतं.

भगवानने गाणी घातलीच नाहीत! विचारलं तर म्हणतो, अहो काकू, सायन्सच्या व्हिडिओत कुठलं गाणं घालू? आधी सांगायला काय झालं होतं मेल्याला?

काल शाळेत टीव्हीवर रंजना तोंड हलवत होती आणि आवाज माझा. माइकला मीच जवळ ना. कणीक, गोळी, चिमूटभर. सगळा हॉल हसला. मीही हसले, म्हटलं, आपल्याला कोण ओळखतंय. मग ते पुढचं आलं. पोरीच्यानं काही होणार नाही. तिथे कुणी हसलं नाही. योगराज माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होता.

मालतीबाईंनी कॅसेट थांबवली. मला वाटलं, आता मला झापतात. त्यांनी रंजनाला विचारलं, मग दांडी सरळ कशी राहिली ते तूच सांग. पोर रडत होती. नाक पुसून म्हणाली, गॅस बाहेर गेला, त्याचं वजन गेलं. फेस आजीच्या पदराला गेला. कणीक बाहेरून आली. तराजू जुळला, पण समीकरण खोटं. गॅस आत राहिला असता तर कणीक लागलीच नसती.

मालतीबाई म्हणाल्या, शाब्बास, रविवारी परत काढ.

घरी येताना योगराज रंजनाला म्हणाला, दहावीची पुस्तकं कुठे मिळतात ते विचारून ठेव. माझ्या हमीचं कुणी नाव काढलं नाही.

रंजनाने रात्री ताट वाढलं. आजी, भाकरी घे, एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला येतं.

१७ ऑगस्ट, रविवार

आज परत शूटिंग. रंजना म्हणाली, आजी, तू उषाबाईकडे बस. दार लावून घेतलं.

बसले. उषाबाईने चहा टाकला.

त्या दिवशी पोरीला लावलेला बोल मला परत घ्यायचा होता. पोरीच्या तोंडावर मला ते बोलवणार नाही, सवय नाही. मग सुचलं, कॅमेऱ्याला ऐकू येतं ना, मग हेही ऐकू दे. गॅलरीत गेले, आमच्या खिडकीशी उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, आमची रंजना फार हुशार आहे! सगळं तिनेच केलं! डोकं तिचं स्वतःचं आहे!

आत भगवान ओरडला. मग दार उघडलं. रंजनाच्या हातात टम्म फुग्याची बाटली. म्हणाली, आजी, तुझा आवाज आला. पहिल्यापासून करावं लागेल.

मी म्हटलं, मग कर ना.

म्हणाली, लिंबं संपली.

पिशवी मीच उचलली. जाताना मिसरी लावून घेतली. तोंड भरलेलं असलेलं बरं.