भोकाच्या पैशाचा रिकामा खण

बाबा, तुमची नाण्यांची पेटी सकाळपासून मी कितीदा उघडली आणि मिटली असेल. शेवटी लेकीने आतल्या खोलीतून विचारलं, "आई, काय शोधते आहेस?" काही नाही, म्हणाले. ती शहापूरला माझ्याकडे आली आहे. बाळंत होईपर्यंत पलंगावरून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. आधीची दोन्ही बाळं दिवस भरण्याआधीच गेली. मी तिच्या दारात जाऊन उभी राहते, तर काल तिने सुनावलं, "माझ्या तोंडाकडे असं बघत जाऊ नकोस ना." म्हणून मी ओट्याशी जाते, तांदूळ निवडते, निवडलेलेच पुन्हा निवडते आणि मग तुमची पेटी काढून बसते.

पेटी तुम्ही ठेवलीत तशीच आहे. निळ्या मखमलीत कापलेले गोल खण. वरच्या ओळीत विलायतेची नाणी: ढाल घेऊन बसलेल्या बाईची पेनी, जहाजाची हाफपेनी आणि पक्ष्याचा तो इवला फार्दिंग. कॉन्व्हेंटमधल्या म्हाताऱ्या गोऱ्या सिस्टरनी तो मला पाठांतराचं बक्षीस म्हणून दिला होता. सुट्टीत मी मुरबाडला एसटीतून उतरले, तेव्हा तुम्ही ट्रंक घ्यायच्या आधी "दाखव" म्हणालात आणि भर उन्हात तळहातावर तो पक्षी धरून उभेच राहिलात. "पोरगी आलीय, तिच्याकडे बघा की आधी," आई म्हणाली. खालच्या ओळींत आपल्याकडची नाणी: पै, अर्धा पैसा, राजाच्या डोक्याचा पाव आणा आणि शेवटी भोकाचे पैसे. त्या शेवटच्या ओळीत एक खण रिकामा आहे. माझी बोटं सारखी तिथेच जातात.

त्याच सुट्टीतली गोष्ट. मी आईजवळ बसून भाकरी थापायला शिकते आहे, भाकरी फाटते आहे, आई हसते आहे. मागच्या दाराशी एक बाई येऊन उभी राहते. धसईच्या पुढच्या वाडीवरची, दिवस भरत आलेली. तिची मुलं जगत नव्हती. अशा बाईने ज्या घरात पोरं जगली-वाढली तिथून भोकाचा पैसा मागून आणायचा आणि बाळ जन्मलं की काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घालायचा. पोर मागून आणलेलं आहे, आमचं नव्हेच, असं नियतीला भासवायचं. "मास्तरांकडं हाय म्हनत्यात," ती आईला म्हणाली. "तुमची पोरगी चांगली मोठी झाली, तुमच्याच घरचा पायजे गो बाय." मी कॉन्व्हेंटची ताजी हुशारी घेऊन आले होते. "बाबा, ही तर सुपरस्टिशन," असं मोठ्याने म्हणाले. तुम्ही पेटीवरून मान वर केलीत. "तुला काय ठाऊक आहे, हे तिने विचारलेलं नाही. तिला पाणी दे." मी पाणी घेऊन आले तोवर तुम्ही पैसा काढला होतात. मुकुटाची रेघ न् रेघ दिसत होती, सगळ्यांत कोरा तोच. आई कुजबुजली, "अहो, झिजलेला द्या ना." तुम्ही म्हणालात, "नव्या पोराला झिजलेला कशाला?" आणि पैसा तिच्या पदरात टाकून दुसऱ्या दिवशी तिला स्वतः दवाखान्यात घेऊन गेलात. पुढे धसईच्या बाजारात तुम्हाला भोकाचे पैसे मिळत राहिले, पण त्या खणात तुम्ही दुसरा बसवला नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही.

परवा मी लेकीला बँकेत जाते म्हणून सांगितलं आणि मुरबाडहून जीपने धसई गाठली, तिथून पुढे वाडीवर. पेटीतले बाकीचे पैसे घरचेच, ते चालत नाहीत, मागूनच आणावा लागतो. हे सगळं मला इतकं नीट आठवत होतं, याचीच प्रवासभर लाज वाटत होती. तीच बाई, आता म्हातारी झालेली, ओटीवर वाल सोलत बसली होती. डोळे बारीक करून म्हणाली, "मास्तरांची पोरगी ना गो तू? इंग्रजी बोलनारी?" तिचा मुलगा गोठ्यातून आला. आता त्याचेच केस पिकलेत, आणि गळ्यात तोच काळा दोरा. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्याने लगेच दोरा काढला. "घ्या ना ताय, तुमचाच हाय."

"गप रे!" म्हातारी कडाडली. "तिचा तिलाच दिलास तर मागून आनला कसा? मागा बाय. पदर पसरून मागा."

"मावशी, पंजाबी ड्रेस आहे. पदर कुठला आणू?"

"मंग ती ओढनी काय वारा घ्याया हाय?"

सून तोंडाला हात लावून हसली. मीही हसले आणि मग हसू थांबलं. ओढणी पसरली. "माझ्या लेकीच्या बाळासाठी पैसा द्या," एवढंच म्हणायचं होतं, त्यातलं निम्मंच बाहेर आलं. पैसा ओढणीत पडला तेव्हा त्याच्या अंगाची ऊब त्यात होती. "माझ्याकडं त्याचा काम झाला," म्हातारी म्हणाली. "आता तुमच्याकडं करूं दे." चहा पिताना मुलाचा हात सारखा गळ्याकडे जात होता. "परत देऊ का?" मी विचारलं. तो ओशाळला. "नाय गो ताय. सवय हाय नुसती."

मुकुट पार गेलाय, बाबा. भोक मोठं झालंय, कडा वेड्यावाकड्या. तुम्ही संग्रहात घेतला नसतात. आज दुपारी त्या खणात बसवून पाहिला, तर सैल बसला, हलत राहिला. ओळ पुरी झालेली क्षणभर पाहिली आणि घाईघाईने काढून पुन्हा ओढणीत गाठ मारून ठेवला. उद्या लेकीची तपासणी आहे. तिला यातलं काही माहीत नाही, आणि कळलं तर ती तेच म्हणेल जे मी म्हणाले होते. मला तुम्ही पाणी आणायला धाडलंत, तिला तर पलंगावरून उठायचंही नाही; मग मी काय करायचं, ते तुम्हीच सांगायला हवं होतं.

हा कागद घडी करून मखमलीखाली ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवू? तुम्ही विचाराल, पटलं का तुला? नाही पटलं, बाबा, अजूनही नाही. पण ओढणी पसरण्याआधी मी अंगणात चपला काढून ठेवल्या होत्या, देवळापुढे काढतात तशा. मला कोणी सांगितलं नव्हतं.