बावखलाकाठची हरकत

वसई,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रिन्सी,

जय ख्रिस्त. पुण्यात थंडी पडली असेल. इकडे सगळे ठीक. आमच्या कुत्रीनं पिल्लं घातली, आई दिवसभर त्यांच्यातच असते. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून हातानं लिहून प्रिस्काकडे देतोय. तुझी चुलतबहीण आधी घेईचना. "लव्ह लेटर असेल तर फाडून टाकीन," म्हणाली. नाहीये. शेवटपर्यंत वाच.

तुझ्यापर्यंत काय पोचलं ते मला कळलंय. एरॉलनं हरकत घेतली. घेतली! पण लग्नाला नाही गं. तुमच्या वाडीतलं बावखल बुजवायला. ते तळं भरून तिथे तुझा मांडव घालायचा ठरलाय, त्याविरुद्ध मी पालिकेच्या ऑफिसात अर्ज दिला. आणि नेमकं काल मिस्सेत फादरनी तुम्हा दोघांची नावं वाचली आणि विचारलं, कुणाची काही हरकत आहे का. अख्खं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. मागून कोणीतरी खोकलंसुद्धा.

बावखलाच्या काठाला घोळ पसरलीय, आपण भाजी करतो तीच. तिच्यावर छोटा चांदवा नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. नर काळा, पंखांवर पांढरे चंद्र, कडेनं जांभळी झाक. कायद्यानं राखलेलं आहे ते. मी कॉलेज सोडलं तरी तिथल्या बायोलॉजीच्या संपदा मॅडम माझे फोटो बघतात, त्यांनीच ओळखलं. आपल्या आळीतली बाकीची बावखलं बुजली, तिथे गाड्या उभ्या राहतात. आता घोळीच्या पानापानावर काळे काटेरी सुरवंट आहेत. मशीन आलं तर त्यांना उडून जाता येणार नाही.

परवा चिंचोटीहून जेसीबी आला. मी आडवा उभा राहिलो. तुझे डॅडी ओरडले, "माझ्या पोरीचं लग्न मोडायला किडेच सापडले का रे तुला?"

"अंकल, किडे नाहीत, सुरवंट आहेत."

तुझा भाऊ जेम्स हसला. "फुलपाखराचं नाव प्रिन्सी आहे काय?"

माझं डोकं सटकलं. जेसीबीची किल्ली ओढली आणि दिली पाण्यात फेकून. अंकलनी थोबाडीत मारली. त्यांच्यावर मी हात उचलला नाही. जेम्सचा शर्ट मात्र फाटला.

गुरुवारी दुसरं मशीन येतंय. अर्जाचं उत्तर तोवर येत नाही. मॅडम स्वतः बोलायला आल्या, तर अंकल त्यांनाच म्हणाले, "बाई, तुम्हाला या पोराचं प्रकरण माहीत नाही." माझ्यामुळे त्यांचंही कोणी ऐकत नाही. मी तुझ्या मागे फिरलो नसतो तर सुरवंट वाचले असते, अशी गत झालीय.

आता खरं लिहितो. फादरनी विचारलं तेव्हा मी उठत होतो. आईनं माझी मांडी दाबून धरली. बावखल तेव्हा डोक्यातपण नव्हतं. म्हणजे लोक अगदीच खोटं बोलत नाहीत. पण सुरवंटही खोटे नाहीत, प्रिन्सी. दोन्ही खरं आहे, आणि ते मला कुणालाच पटवता येत नाही.

म्हणून एकच सुचलं. मांडव आमच्याकडे घाला. आमची केळी तुमच्या कुंपणाला लागूनच आहेत. घड धरलेत, तरी तोडून जागा साफ करून देतो. आमचे डॅडी भडकले, "डोकं फिरलंय का तुझं?" मग बराच वेळ घडांकडे बघत बसले. म्हणाले, "कोयता मी चालवतो. तू रागानं वाकडे घाव घालशील." आई आत जाऊन रडली. लायटिंग मी करीन, गोखिवऱ्याला लायटिंगवाल्याच्या गाळ्यात कामाला आहे, तिथे तेच तर करतो. पाहुण्यांसमोर तमाशा करणार नाही.

तू बुधवारपर्यंत अंकलना फोन कर. एवढंच सांग, एरॉल खरं बोलतोय. प्रेम नाही, हे तू मला तोंडावर सांगितलंस, मी ऐकलं. पण खोटारडा तू मला कधीच म्हणाली नाहीस.

ज्याच्या वाडीतून तू सासरी निघशील,
तो
एरॉल